बदलीनंतरही टिकणारा बदल: सरकारी कार्यालयात नवी पद्धत कशी रुजवावी

सरकारी कार्यालयातल्या सुधारणांचा एक ठरलेला क्रम असतो. नवे साहेब रुजू होतात, उपक्रम काढतात, त्याला चटपटीत नाव मिळते, दर्शनी भागात फलक लागतो, पेपरात फोटो येतो, जमले तर पुरस्कारही मिळतो. मग बदलीचा आदेश येतो. पुढच्या साहेबांचा उपक्रम वेगळा असतो आणि टेबलावरचे काम पूर्वीच्याच वहीत, पूर्वीच्याच वेगाने सुरू राहते.

महाराष्ट्रात बदल्यांचा आणि दफ्तर दिरंगाईचा कायदा २००५ चा. त्यानुसार एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा, पण प्रत्यक्षात तीन वर्षे पुरी होतीलच याची खात्री कुणीच देत नाही. म्हणून नियोजन दीड वर्षाचे धरा. पहिले तीन महिने समजून घ्यायला, पुढचे सहा महिने सुरुवात करून दुरुस्त करायला, उरलेला वेळ ती पद्धत कार्यालयाच्या अंगवळणी पडायला. हा लेख तहसीलदार, गटविकास अधिकारी, नगरपरिषदेचे मुख्याधिकारी, उपअभियंता, कक्ष अधिकारी अशांसाठी आहे. ज्यांच्या हाताखाली दहा ते शंभर माणसे आहेत आणि ज्यांना नियम बदलायचा अधिकार नाही, पण कामाची रीत बदलायचा आहे, अशांसाठी.

पहिला महिना: बैठक नको, वह्या बघा

रुजू झाल्याच्या आठवड्यातच सगळ्यांना बोलावून संकल्पना मांडायचा मोह होतो. तो आवरा. त्याऐवजी आवक शाखेत दोन-तीन दुपारी बसा आणि कार्यविवरण नोंदवह्या, म्हणजे कोणता कागद कुणाकडे कधी आला आणि त्याचे काय झाले याच्या वह्या, मागवा. मग ज्या विषयाच्या तक्रारी सर्वाधिक, त्या एकाच विषयाच्या पंचवीस-तीस निकाली संचिका घ्या. प्रत्येक टिपणीवरच्या सह्यांच्या तारखा एका कागदावर उतरवा: आवक कधी, लिपिकाची टिपणी कधी, अव्वल कारकुनाची सही कधी, तुमच्या आधीच्या अधिकाऱ्यांची कधी, जावक कधी. हे काम लघुलेखकावर सोपवू नका, स्वतः करा.

बहुतेक वेळा एक गोष्ट लगेच दिसते. प्रत्यक्ष काम तासा-दोन तासांचे असते आणि संचिका मात्र पंधरा-वीस दिवस कुठेतरी पडून असते. ती कुठे पडून असते यावर उपाय ठरतो. अहवालाची वाट पाहत असेल तर प्रश्न बाहेरच्या कार्यालयाचा आहे. अर्जदाराकडे त्रुटीसाठी परत गेली असेल तर प्रश्न अर्ज घेण्याच्या जागेचा. आणि सहीसाठी थांबली असेल, तर दोष कर्मचाऱ्यांना देण्यात अर्थ नाही.

उत्पन्नाच्या दाखल्याचे उदाहरण घ्या. अर्ज महा ई-सेवा केंद्रातून येतो, लिपिकाच्या लॉगइनला पडतो, तो कागद तपासून वर पाठवतो, अव्वल कारकून आणि नायब तहसीलदारांच्या नजरेखालून गेला की डिजिटल सही होते. ठरलेल्या सेवा ठरलेल्या मुदतीत देण्याचे बंधन घालणाऱ्या लोकसेवा हक्क कायद्याखाली मुदत १५ दिवसांची. दहावी-बारावीचे निकाल लागले की अर्जांचा पूर येतो आणि मुदत पाळणे अवघड होते. अशा वेळी ‘मनुष्यबळ कमी’ हे उत्तर तयारच असते, आणि ते खोटेही नसते. पण त्रुटीत परत गेलेले शंभर अर्ज उघडून बघा: शिधापत्रिकेचे मागचे पान स्कॅन केलेले नाही, स्वयंघोषणापत्रावर सही नाही, तलाठ्याचा उत्पन्न अहवाल मागच्या वर्षीचा, फोटो इतका अंधुक की चेहरा ओळखू येत नाही. चार-पाच कारणांतच जवळपास सगळे अर्ज बसतात. आवश्यक कागदपत्रांची यादी तहसीलच्या भिंतीवर लावलेली असते. ती हवी असते केंद्रचालकाच्या स्कॅनरशेजारी, तीही ‘बरोबर कागद’ आणि ‘चुकीचा कागद’ असे नमुने दाखवून. केंद्रचालकांची एक दुपारची बैठक आणि कोणत्या केंद्राचे किती अर्ज परत गेले याची दर सोमवारी त्यांच्या ग्रुपवर टाकलेली यादी, एवढ्याने जे होते ते जादा दोन लिपिकांनीही होत नाही.

आपल्या अधिकारातले काम आधी

सापडलेल्या अडचणींची यादी तीन रकान्यांत मांडा. पहिल्या रकान्यात ज्या गोष्टी तुमच्या कार्यालयीन आदेशाने बदलतात: टेबलांची मांडणी, कामवाटप, संचिकेचा प्रवास, भेटीची वेळ, खिडक्यांची संख्या, नमुने. दुसऱ्यात विभागप्रमुखाची किंवा जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागणाऱ्या. तिसऱ्यात शासन निर्णय, नियम किंवा कायदा बदलावा लागेल अशा. पहिल्या वर्षात फक्त पहिल्या रकान्यातून एक, फार तर दोन विषय घ्या. तिसऱ्या रकान्यासाठी व्यवस्थित प्रस्ताव पाठवून ठेवा आणि त्याची वाट पाहत बसू नका.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अनिलकुमार लखिना तेव्हाच्या अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी होते. ‘लखिना पॅटर्न’ म्हणून पुढे गाजलेली सुधारणा बघितली तर त्यात नियम बदलण्यासारखे काही नव्हते. बंद खोल्यांऐवजी मोकळ्या दालनात बैठक, अभिलेखांची वर्गवारी आणि मांडणी, येणाऱ्या माणसाला माहिती मिळण्याची निश्चित जागा, कुणाकडे कोणते काम याची स्पष्टता. सगळे जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिकारातले. संगणक तर आसपासही नव्हता. तरी ती पद्धत जिल्ह्याबाहेर गेली आणि शासनाने ती इतरत्र राबवायला घेतली. आजही एखाद्या कार्यालयात शिरताना पाट्यांवरच्या नाव-कामाकडे पाहून कुणाकडे जायचे ते कळत असेल, तर त्यात त्या कामाचा अंश आहे.

अभिलेख हा विषय नव्या अधिकाऱ्यांना कंटाळवाणा वाटतो, म्हणून इथे थोडे थांबतो. कोणत्याही डिजिटल उपक्रमाआधी सहा गठ्ठे पद्धत खरोखर चालू आहे का ते पाहा. कार्यवाहीतली प्रकरणे, प्रतीक्षाधीन, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे आणि नष्ट करायची. प्रत्येक लिपिकाच्या कपाटात हे सहा गठ्ठे वेगळे निघाले पाहिजेत. कागद किती काळ जपायचा यानुसारचे अ, ब, क, ड वर्गीकरण झालेले नसेल तर स्कॅनिंगचा ठेकेदार ड वर्गातला, वर्षभरात फाडून टाकायचा कागदही पानामागे पैसे लावून स्कॅन करून देतो आणि त्याचे देयक तुम्ही मंजूर करता. आधी निर्लेखन, म्हणजे नको असलेले कागद रीतसर काढून टाकणे, मग स्कॅनिंग. हा क्रम उलटा झालेली कार्यालये पुष्कळ आहेत.

नवे सुरू करण्याआधी जुने बंद करण्याची तारीख ठरवा

सगळ्यांत महत्त्वाची पायरी हीच, आणि सगळ्यांत जास्त टाळली जाणारीही हीच. नवी प्रणाली येते, पण जुनी नोंदवही ‘असू द्या, कधी लागली तर’ म्हणून चालू राहते. मग लिपिक दोन्हीकडे नोंद करतो, कामाचा ताण वाढला की दोन्हींतली एक सोडतो आणि सोडतो ती नेहमी नवी. जुनीबद्दल त्याला ऑडिटमध्ये विचारले जाईल याची त्याला खात्री असते, नवीबद्दल नसते. त्याचे गणित चुकीचे नाही.

९ मार्च २०१५ च्या शासन निर्णयाने अनेक कामांसाठी प्रतिज्ञापत्राऐवजी साधे स्वयंघोषणापत्र आणि साक्षांकित प्रतींऐवजी स्वयंसाक्षांकित प्रती चालतील असे ठरले. लाखो लोकांचा वेळ आणि पैसा वाचवणारा निर्णय, त्यासाठी एक रुपयाचे यंत्र घ्यायचे नव्हते. तरीही पुढे कितीतरी वर्षे अनेक खिडक्यांवर स्टॅम्पपेपर मागितला जात होता. निर्णय झाला, पण त्या-त्या खिडकीवरची छापील यादी बदलली नाही आणि ‘यापुढे प्रतिज्ञापत्र मागू नये’ असा आदेश त्या लिपिकाच्या नावाने निघाला नाही.

याउलट ‘सरिता’ बघा. नोंदणी व मुद्रांक विभागात ही संगणकीय पद्धत २००२ च्या सुमारास आली. त्याआधी दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवला की त्याची छायाप्रत होऊन मूळ कागद हाती यायला महिनोन्‌महिने लागत. नव्या पद्धतीत दस्त तिथल्या तिथे स्कॅन करून मूळ प्रत पक्षकाराला परत द्यायची असे ठरले. खासगी भागीदाराने यंत्रे आणि माणसे पुरवायची, त्याचा मोबदला पानामागे २० रुपये हाताळणी शुल्कातून. जुनी वाट सरळ कापली गेल्यामुळे मागे वळायला जागाच उरली नाही. संगणकाचे कौतुक पुष्कळ झाले, मला त्यातली मूळ कागद त्याच दिवशी परत देण्याची अट जास्त मोलाची वाटते.

तुमच्या पातळीवर हे एका कार्यालयीन आदेशाने होते. भाषा अशी ठेवा:

“दि. १ डिसेंबरपासून या कार्यालयातील अमुक विषयाच्या नोंदी केवळ ऑनलाइन प्रणालीत घेण्यात येतील. याच विषयाची हस्तलिखित नोंदवही दि. ३० नोव्हेंबर रोजी शेवटच्या नोंदीखाली रेघ मारून, नायब तहसीलदार यांच्या स्वाक्षरीने बंद करून अभिलेख कक्षात जमा करावी. त्यानंतर कोणत्याही शाखेने सदर नोंदवहीची मागणी करू नये. प्रणाली बंद असल्यास सोबतच्या नमुन्यात नोंद घेऊन, प्रणाली सुरू झाल्यानंतरच्या कार्यदिवशी ती प्रणालीत घ्यावी. या आदेशानुसार केलेल्या कार्यवाहीची जबाबदारी निम्नस्वाक्षरीकारांची राहील.”

शेवटचे वाक्य गाळू नका. लिपिकाला धीर देणारे तेच एक वाक्य आहे. एक सावधगिरी मात्र घ्या: कायद्याने किंवा नियमपुस्तिकेने सांगितलेली नोंदवही कार्यालयीन आदेशाने बंद करता येत नाही. कोणती वही कायद्यातली आणि कोणती कुणा जुन्या साहेबांनी सुरू केलेली, हे आधी शोधा. दुसऱ्या प्रकारच्या वह्या अपेक्षेपेक्षा बऱ्याच जास्त निघतात.

ई-ऑफिसमध्येही, म्हणजे संचिका संगणकावरच फिरवण्याच्या प्रणालीतही, हाच घोळ होतो. २१ जून २०१२ च्या मंत्रालयातल्या आगीत असंख्य संचिका जळाल्या आणि कागदविरहित कामाचा आग्रह जोरात सुरू झाला. आज पुष्कळ ठिकाणी ई-ऑफिस आहे, पण टिपणी संगणकावर तयार करून, तिची प्रिंट काढून, सही घेऊन, पुन्हा स्कॅन करून चढवण्याची रीतही आहे. हे थांबवायचा मार्ग एकच: तुम्ही स्वतः कागदावर सही करायची नाही. पहिला आठवडा लोक संचिका घेऊन दारात उभे राहतील. त्यांना परत पाठवा आणि संगणकावर आलेली संचिका त्याच दिवशी निकाली काढा. वर गेलेली संचिका संध्याकाळपर्यंत खाली येते हे दिसले की प्रिंटरचा आवाज आपोआप कमी होतो.

माणसे

विरोध म्हणजे मानसिकता, असे म्हणून मोकळे होऊ नका. प्रत्येक टेबलासाठी एक प्रश्न लिहून काढा: या बदलाने या माणसाचे काय जाते? कुणाचे काम वाढते. कुणाचे महत्त्व कमी होते, कारण कोणती संचिका कुठे आहे हे फक्त त्यालाच माहीत असायचे. कुणाला संगणकाची भीती असते आणि निवृत्तीला दोन वर्षे उरलेली असतात. आणि काही टेबलांवर विलंब हेच वरकमाईचे साधन असते. तिथे प्रशिक्षणाचा उपयोग नाही, कामवाटप बदलावे लागते. या चार जणांना एकच औषध देऊन चालत नाही.

तलाठ्यांचा अनुभव लक्षात ठेवण्यासारखा आहे. ई-फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलांची संगणकीय नोंद) आणि ऑनलाइन सातबाराचा सगळा भार पडला तो त्यांच्यावर, आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. सर्व्हर दिवसा चालायचा नाही, म्हणून रात्री जागून नोंदी करायच्या, गावात रेंज नाही म्हणून तालुक्याला यायचे, आणि वर दैनंदिन आढावा. आपली गाऱ्हाणी ऐकली जात नाहीत असे वाटले तेव्हा त्यांनी डिजिटल सहीच्या किल्ल्या, डीएससी, तहसीलमध्ये जमा करून काम थांबवण्याचे हत्यारही वापरले. डीएससी जमा झाली की फेरफार बंद, कर्ज प्रकरणे बंद, खरेदी-विक्री अडली. म्हणून आदेश काढण्याआधी साधने पुरवा. लॅपटॉप, नेटचा खर्च, बसायला जागा, आणि प्रणाली बंद असेल तेव्हा खुलासा मागितला जाणार नाही याची लेखी हमी.

संघटनेच्या पदाधिकाऱ्यांशी आदेशाआधी बोला, नंतर नाही. ते तुमच्या आदेशाच्या मसुद्यात दोन दुरुस्त्या सुचवतील, त्यातली एक हमखास उपयोगाची असते. आणि कार्यालयात कुणाच्या शब्दाला वजन आहे ते शोधा. बहुधा तो अव्वल कारकून किंवा मुख्य लिपिक असतो, वीस वर्षे त्याच तालुक्यात काढलेला. तो ‘बघू या करून’ म्हणाला तर अर्धे काम झाले. तो गप्प बसला तर सावध व्हा.

प्रशिक्षणाबद्दल थोडक्यात: यशदा या पुण्यातल्या राज्य प्रशिक्षण संस्थेतले किंवा जिल्ह्याच्या सभागृहातले सत्र ओळख करून देण्यापुरते चांगले. काम शिकायचे ते टेबलावर, स्वतःच्या लॉगइनने, स्वतःच्या आजच्या अर्जावर. दोन चुणचुणीत कर्मचारी महिनाभर इतर कामातून मोकळे करा आणि त्यांना फक्त शेजारच्या टेबलावर जाऊन अडलेले सोडवायला सांगा.

आधी लहान जागी, आणि ती जागा सोपी नको

प्रयोगासाठी सर्वांत हुशार मंडळ अधिकाऱ्याचे मंडळ (काही गावांचा महसुली गट) निवडायची रीत आहे. तिथे प्रयोग यशस्वी होतो आणि त्यातून काही शिकायला मिळत नाही. एक मध्यम आणि एक अडचणीचे मंडळ घ्या: नेट नाही, पद रिक्त, गावे विखुरलेली. तिथे जे तुटेल ते सगळीकडे तुटणारच आहे, मग आत्ताच कळलेले बरे.

ई-पीक पाहणीत हा सगळा प्रवास दिसतो. गाव नमुना १२ मधली पिकांची नोंद पूर्वी तलाठी करायचा. ती शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवर, शेतात उभे राहून, फोटोसह करायची ही कल्पना. निवडक तालुक्यांत आजमावून १५ ऑगस्ट २०२१ पासून ती राज्यभर नेली गेली. अडचणी यायच्या त्या आल्याच. स्मार्टफोन नाही, रेंज नाही, म्हाताऱ्या खातेदाराला ॲप जमत नाही, शेवटच्या आठवड्यात सर्व्हरवर गर्दी, मग मुदतवाढ. पण पुढच्या आवृत्त्यांमध्ये दुरुस्त्या होत गेल्या. शेतकऱ्याने केलेली नोंद स्वयंप्रमाणित मानायची, चूक झाली तर ४८ तासांत एकदा दुरुस्ती, तलाठ्याने १० टक्के नोंदींची पडताळणी करायची, फोटो खरोखर त्याच गटातून काढला की नाही हे अंतरावरून ओळखायचे. आणि शेवटी, जे शेतकरी नोंद करूच शकत नाहीत त्यांच्यासाठी गावपातळीवर सहायक. यातली प्रत्येक दुरुस्ती शेतातून वर आलेली आहे. तुमच्या प्रयोगात खालून वर तक्रार यायची वाट कोणती, हे पहिल्याच दिवशी ठरवा. एक व्हॉट्सॲप ग्रुप पुरतो, अट एवढीच की त्यात फक्त अडचणी टाकायच्या, शुभ सकाळ नाही.

जुनी माहिती नव्या प्रणालीत न्यायची असेल तर वेळेचा अंदाज दुप्पट करा. राज्यातले सुमारे अडीच कोटी सातबारा उतारे संगणकात गेले तेव्हा क्षेत्राचा मेळ न बसणे, नाव गळणे, हिस्सा चुकणे असे हजार घोळ निघाले. हस्तलिखित आणि संगणकीकृत उतारे जुळवण्यासाठी २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन घेतले गेले. उतारा गावासमोर मोठ्याने वाचायचा आणि खातेदारांनी हरकत सांगायची. मग १ मे २०१८ ला डिजिटल सहीचे सातबारे लोकांना मिळू लागले. घाईने आधी डिजिटल सही करून चुकीचे उतारे वाटले असते, तर प्रत्येक चुकीवर सरकारी शिक्का बसला असता. मालमत्ता कराची यादी असो, पाणीपट्टी असो की शिक्षकांची सेवापुस्तके, ज्यांची माहिती आहे त्यांना ती आधी वाचून दाखवा.

पैसा आणि ॲप

पहिल्या रकान्यातल्या सुधारणांना फारसा पैसा लागत नाही. लागला तर जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण योजनांसाठी तरतूद असते. खरेदी मात्र १ डिसेंबर २०१६ च्या खरेदी धोरणाप्रमाणे आणि जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरूनच. चांगल्या हेतूने केलेल्या खरेदीवरही ऑडिट पॅरा, म्हणजे लेखापरीक्षणाचा आक्षेप, येतो आणि तो तुमच्या निवृत्तीपर्यंत सोबत चालतो.

स्वतःचे ॲप करायच्या फंदात शक्यतो पडू नका. एकेकाळी तालुक्याला एक ॲप अशी साथ आली होती. त्यातली बहुतेक ॲप आज उघडतही नाहीत. आधी एनआयसी किंवा महाआयटी या सरकारी संगणक संस्थांकडे तशी सोय आहे का ते विचारा. नसेलच, तर करारात तीन गोष्टी हव्यात: माहितीची मालकी कार्यालयाची, सोर्स कोड कार्यालयाच्या ताब्यात, आणि किमान तीन वर्षांची देखभाल आधीच दरात धरलेली.

कधी सुरू करावे

सरकारी वर्षात मोकळा महिना नसतो, पण काही महिने निश्चितच नकोत. फेब्रुवारी-मार्चमध्ये अर्थसंकल्पीय अधिवेशन आणि मार्च अखेरचा खर्च. एप्रिल-मेमध्ये बदल्या, त्यामुळे शिकवलेली माणसे निघून जातात. जूनमध्ये दाखले. जुलै-ऑगस्टमध्ये अतिवृष्टी झाली की अख्खा महसूल विभाग पंचनाम्यांवर. डिसेंबरात नागपूर अधिवेशन असले की तारांकित प्रश्न आणि लक्षवेधींची उत्तरे. त्यातल्या त्यात बरा काळ दिवाळीनंतरचा, म्हणजे नोव्हेंबरात सुरुवात आणि जानेवारीपर्यंत घडी बसवणे. आचारसंहिता लागली तर अंतर्गत कार्यपद्धतीचे काम अडत नाही. उद्घाटन आणि जाहिरात तेवढी टाळा. निवडणुकीच्या कामाला किती माणसे जातील याचा हिशेब मात्र आधी करा.

मोजमाप, आणि आकड्यांची चलाखी

चंद्रकांत दळवी पुणे विभागीय आयुक्त असताना ‘झिरो पेंडन्सी आणि डेली डिस्पोजल’ ही पद्धत गाजली. साठलेले काम मोहीम काढून संपवायचे आणि मग रोज येणारे रोज निकाली काढायचे. दोन्ही टप्पे लागतात. नुसती मोहीम काढली की तीन महिन्यांनी ढीग पुन्हा तेवढाच होतो. बदल्या आणि दिरंगाईच्या २००५ च्या कायद्यानेच सांगितले आहे की एका कर्मचाऱ्याकडे संचिका सर्वसाधारणपणे सात कार्यदिवसांहून जास्त राहू नये, आणि दुसऱ्या विभागाकडे पाठवायची गरज नसेल तर ४५ दिवसांत निर्णय व्हावा. म्हणजे नवे मापदंड शोधायची गरज नाही, आहेत तेच लावून पाहा.

पण ‘निकाली’ या रकान्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. समजा महिन्यात ३०० अर्ज आले आणि २८० निकाली निघाले. आढाव्यात हे छान दिसते. त्यातले ९० ‘त्रुटी पूर्ततेसाठी परत’ असतील तर निकाल १९० चाच लागला, आणि ते ९० पुढच्या महिन्यात नवीन अर्ज म्हणून येऊन आकडा आणखी सजवतील. म्हणून दर सोमवारी तीनच गोष्टी पाहा: सर्वांत जुने प्रकरण किती दिवसांचे, परत गेलेले किती, आणि अपिलात किती गेले. लोकसेवा हक्क कायद्यात पदनिर्देशित, म्हणजे ती सेवा देण्याची जबाबदारी असलेल्या, अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दंडाच्या भीतीने मुदतीच्या आदल्या दिवशी अर्ज नाकारले जातात का, हे तारखा पाहून लगेच ओळखू येते. आणि महिन्यातून एकदा, निकाली दाखवलेल्या दहा अर्जदारांना स्वतः फोन करा.

वरचे आणि बाहेरचे

वरिष्ठांना निकालाआधी मोठी स्वप्ने दाखवू नका, पण अंधारातही ठेवू नका. एका पानाची टिपणी, दर दोन महिन्यांनी, पुरे. लोकप्रतिनिधींना नवी पद्धत आधी समजावून सांगा, कारण खिडकीवर अडलेला माणूस पहिला फोन त्यांनाच लावतो. त्यांच्या स्वीय सहायकाला अर्जाची स्थिती कशी पाहायची ते शिकवून ठेवले तर तुमचा निम्मा दिवस वाचतो. श्रेय मागितले तर देऊन टाका, स्वस्तात पडते.

बदलीआधीची कामे

उपक्रम रुळावर आला की पुरस्काराच्या प्रस्तावाआधी हे करा. सगळे आदेश एकत्र करून स्थायी आदेश संचिकेत लावा. पुढचा अधिकारी सादरीकरण पाहणार नाही, ती संचिका पाहील. कार्यपद्धती चार-पाच पानांत लिहा, ती लिहायला प्रत्यक्ष काम करणाऱ्या लिपिकाला बसवा आणि तुम्ही फक्त तपासा. कामवाटपाच्या आदेशात नवी कामे पदनामाने घाला, नावाने नको. जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका कार्यालयाने ती पद्धत उचलली तर उत्तमच. मग ती एकट्या तुमची राहत नाही आणि मोडायला जड जाते. विभागप्रमुखांकडून तिला परिपत्रकाचे रूप मिळत असेल तर त्यासाठी दोन चकरा जास्त मारा.

कार्यभार हस्तांतराच्या यादीत रोकडवही, शिक्के, किल्ल्या असतात. त्यात प्रणालीचे ॲडमिन लॉगइन, डोमेन नूतनीकरणाची तारीख, देखभाल करार संपण्याची तारीख आणि पुरवठादाराच्या अनामत रकमेचा तपशील जोडा. ओटीपी ज्या मोबाईलवर जातो तो क्रमांक कार्यालयाच्या नावावरचा हवा. तो अजून तुमचाच असेल, तर कार्यमुक्त होण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, आजच बदलून घ्या.